नसवाले काका

प्रत्येक सोसायटीत एक नसवाले काका असतात. बाकावरून उठताना कुणी कंबरेवर हात ठेवला की ते पेपरची घडी घालतात आणि विचारतात, "कुठपर्यंत जातेय?"

"नुसती कंबरच हो," असं म्हणालात तर सुटलात. नुसती कंबरदुखी त्यांच्या लेखी दुखण्यात जमा नाही. पण कुल्ल्यातून कळ निघते, मांडीच्या मागून पोटरीत उतरते आणि पावलाला मुंग्या येतात, असं तोंडातून गेलं की काका सरकून जागा करतात. मुंग्या अंगठ्याकडे की करंगळीकडे, हा पुढचा प्रश्न. करंगळी म्हटलं की स्थळाची पत्रिका जुळल्यासारखा त्यांचा चेहरा खुलतो. "म्हणजे एल-फाइव्ह एस-वन! आपल्यातलेच तुम्ही." मग स्वतःचा अंगठा नाचवत सांगतात, "एवढी जाड असते ही नस. अख्ख्या शरीरात हिच्याएवढी दुसरी नाही." सूर असा, की ती फक्त त्यांनाच दिलेली आहे.

घरी गेलात तर चहाच्या आधी एमआरआय येतो. खिडकीच्या उजेडात फिल्म धरून काका सरकलेली गादी दाखवतात. काहीच दुखत नसलेल्या कित्येकांच्या एमआरआयमध्येही गादी सरकलेली दिसते, असं एका डॉक्टरांनी त्यांना ऐकवलं होतं. काकांनी डॉक्टर बदलले.

उपाय त्यांनी सगळे केलेत. निर्गुडीचा शेक, महानारायण तेल, पट्टा. पायाळू माणसाकडून कंबरेत लाथ खाण्याचीही तयारी होती, पण तसा माणूस मिळेना. "पायाकडून येणारी मुलं हल्ली सिझेरियननं काढतात," ही त्यांची वैद्यकशास्त्राविरुद्धची मुख्य तक्रार.

तरीही काकांच्या तेलाला गुण आहे, असं निम्मी सोसायटी शपथेवर सांगेल. त्याचं असं आहे, की सायटिकाची बहुतेक दुखणी ६ ते १२ आठवड्यांत आपली आपणच उतरतात. पहिले काही आठवडे माणूस गोळ्या घेतो, फिजिओथेरपी करतो आणि काकांना टाळतो. अगदी टेकीला आला की त्यांचं तेल लावतो. दुखणं तेव्हा निघायच्या बेतातच असतं; श्रेय बाटलीला जातं.

एक मात्र मानलं पाहिजे. काका कुणाला अंथरुणात पडू देत नाहीत. सोसवेल तेवढं चालायला लावतात, वाकून बादली उचलणाऱ्याला गच्चीवरून ओरडतात आणि मागच्या खिशात फुगलेलं पाकीट घालून बसलेल्याला ते काढायला लावतात. यातलं काहीही डॉक्टर फुकट सांगत नाहीत.

गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ सहज म्हणाले, की आता दोन्ही पाय जड झालेत, बसायची जागा बधिर आहे आणि सकाळपासून लघवी होत नाहीये. काकांनी ना तेल काढलं, ना फिल्म. चपला न घालता रिक्षा आणली आणि त्यांना थेट हॉस्पिटलात नेलं. त्याच रात्री ऑपरेशन झालं. उशीर झाला असता तर पाय आणि लघवीवरचा ताबा कायमचा गेला असता, असं सर्जन म्हणाले.

गृहस्थ बरे होऊन आले, पेढे घेऊन काकांकडे गेले. सोबत आपला एमआरआयही नेला. काकांनी तो खिडकीशी धरला, बराच वेळ पाहिला, मग आपला शेजारी धरला. पेढा तसाच बशीत ठेवला. त्यानंतर आठवडाभर ते त्यांच्याशी धड बोलले नाहीत. गादी त्यांची जास्त सरकली होती.