भोपळ्यातली माते

भाचा दोन वर्षांनी ब्यूनोस आयर्सहून आला तो थेट दिवेआगरला, आजोळी. ओटीवर बॅग उघडून त्याने एक वाळका भोपळा काढला, एक धातूची नळी काढली आणि जाहीर केलं, "आजी, आज संध्याकाळी सगळ्यांनी माते घ्यायची."

आईने ही हाक आजवर फक्त पौराणिक नाटकात ऐकलेली. "घ्यायची म्हणजे? कुठे न्यायचं ठरलंय मला?"

येर्बा माते हा अर्जेंटिना, उरुग्वे, पॅराग्वे आणि दक्षिण ब्राझीलचा चहा. चहाच्या झाडाशी त्याचं नातं नाही, पण कॅफीन आहे. मूळचा ग्वारानी लोकांचा. सतराव्या शतकात जेझुइट पाद्र्यांनी त्याच्या बागा लावल्या. 1767 मध्ये स्पेनच्या राजाने पाद्र्यांना हाकललं, बागा उजाड झाल्या आणि बी रुजवायची हातोटीही हरवली. ती पुन्हा साधायला शंभरावर वर्षं गेली. भाच्याच्या या गोष्टीत इथे मात्र आमच्या अण्णांनी मान वर केली. 3 जून 2020 ला 'निसर्ग' वादळाने आमच्या वाडीतल्या पोफळी आडव्या केल्या, तेव्हापासून अण्णा रोपं करतायत. बी रुजत नाही म्हणजे काय, हे ज्याला कळतं त्याला कळतं.

आईचं लक्ष भोपळ्यावर. "ही तर तुंबडी!" ती म्हणाली. आणि खरंच, आपल्या दुधी भोपळ्याचंच हे भावंड, वाळवून पोखरलेलं. गेली कित्येक वर्षं कोण कोण आपापली तुंबडी भरून घेतंय हे वर्तमानपत्रात वाचतो. ती प्रत्यक्ष कशी भरतात ते मी त्या संध्याकाळी पाहिलं. पाऊण तुंबडी पाला. वर तळहात दाबून ती उपडी करून हलवायची, म्हणजे बारीक भुकटी वर येते आणि नळीत अडकत नाही. मग आडवी धरून पाला एका कुशीला सारायचा. खोलगट बाजूला आधी गार पाणी, मग नळी, मग गरम पाणी. ते उकळतं नको, सत्तर-ऐंशी अंशांचं. एकदा रोवलेली नळी हलवायची नाही.

आईने पहिल्याच घोटाला ती गरागरा ढवळली. "साखर खाली बसली असेल रे."

"आजी, साखर नाहीये यात!"

"मग पिता कशाला?"

पण त्याआधीचा खरा पेच उष्ट्याचा. एकच भोपळा, एकच नळी, तोच पाला, आणि सगळ्यांनी आळीपाळीने ओढायचं. आम्ही तांब्यातलं पाणी वरून पिणारी माणसं. नळी वरून कशी पिणार? आईने ती नखाने टिचकावून पाहिली. 1997 साली सुवर्णगणेशाचा मुखवटा सापडला आणि गावात पाहुण्यांची रीघ लागली, तेव्हापासून तिने खानावळ चालवली आहे. नाना तऱ्हांच्या खाणाऱ्यांसाठी शास्त्र वाकवायची तिला सवय आहे. "धातूला विटाळ नसतो," तिने निकाल दिला, आणि प्रत्येकाच्या पाळीनंतर तांब्यातून नळीच्या टोकावर धार सोडायला बसली.

चव? ओल्या गवताला धूर दिल्यासारखी. पाला आगीवर वाळवतात, त्याचा तो वास. फायद्यांची यादी भाच्याने वाचली: तरतरी, पचन, कोलेस्टेरॉल, वजन. तरतरीवर माझा विश्वास बसला, बाकीच्या बाबतीत आमच्या विहिरीजवळचा गवती चहाही असलेच दावे करत आलाय. उलट 2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सांगितलं, की 65 अंशांवरचं कुठलंही पेय अन्ननलिकेला बहुधा घातक. मातेचा नव्हे, कढतपणाचा दोष. अण्णांनी मुकाट्याने आपला नेहमीचा चहा बशीत ओतला आणि अर्जेंटिनाकडे दयेने पाहिलं.

माझी पाळी आली. दोन घोट घेतले आणि शहरी सवयीने म्हणालो, "थँक्यू." त्यानंतर तासभर भोपळा माझ्यासमोरून जात राहिला, माझ्याकडे वळला नाही. शेवटी विचारलं. भाचा म्हणाला, "मामा, तिकडे आभार मानले की पुरे झालं असं समजतात." म्हणजे पंगतीत पानावर आडवा हात धरावा, तसं मी दुसऱ्याच घासाला केलं होतं.

आईने आयुष्यात घरच्या माणसाचे आभार मानलेले नाहीत. शेजारून आलेल्या नारळालाही ती "ठेव तिथे" एवढंच म्हणते. तिला भोपळा मिळत गेला, मिळत गेला. चवीला नावं ठेवत तिने प्रत्येक वेळी बूड वाजेपर्यंत ओढला.

रात्री दोनला मला जाग आली. पडवीत दिवा, आणि आई सुपारी सोलत बसलेली. शेजारी अर्ध्या पोत्याचा ढीग सोलून तयार.

"झोप नाही का आली?"

"झोप कसली," ती म्हणाली. "त्याला विचार, सुपारी उतरवायच्या दिवसांत परत येतोस का. आणि बी आणायला सांग."