दारामागच्या चोवीस खिशांस

रा. रा. चोवीसखिशे यांसी,
मुक्काम बेडरूमचं दार, आतली बाजू, डोंबिवली पूर्व.

कृतानेक नमस्कार विनंती विशेष.

पत्र उघडंच लिहिते आहे. बंद पाकीट ठेवायला आपल्या अंगावर एक खिसा जरी मोकळा असता, तरी ही वेळ आली नसती.

आपण आमच्या घरी आलात ते वहीएवढी घडी होऊन. सोबत चार लोखंडी आकडे आणि वेष्टनावर एका बाईचा फोटो. बाईच्या दाराला आपण लटकलेले, खिशाखिशांत एकेक पांढरी चप्पल, आणि बाई हसते आहे. आमच्याकडे माणसं पाच, जागा ४१० चौरस फूट. आम्हालाही हसायचं होतं.

सहा ओळी, ओळीत चार खिसे, म्हणजे बारा जोड. हिशेब बरोबर होता. पण आपल्या खिशाचं माप ज्यानं ठरवलं त्यानं आमच्या ह्यांचा दहा नंबरचा बूट पाहिलेला नसावा. टाच आत गेली, चवडा बाहेर राहिला, आणि दारातून जाणाऱ्या प्रत्येकाला त्या बुटानं खांद्यावर लाथ मारली. नीट मावल्या त्या फक्त धाकटीच्या सँडल आणि सासूबाईंची रबरी स्लीपर. ती स्लीपर तर आई झोपेपर्यंत पायातून काढत नाहीत. तिसऱ्या दिवशी चपला परत स्टँडवर गेल्या आणि आपण नोकरीशिवाय उरलात.

मग प्रश्न आला दाराचा. इकडच्या फ्लॅटांत स्वयंपाकघराचं दार हे पहिलं बळी जातं. ताबा मिळाला की सुतार येतो, दार काढतो, पुढे ते गच्चीवर पावसात फुगत राहतं. बाहेरच्या दाराला आपल्याला लावावं तर येणारा पाहुणा पाणी प्यायच्या आधी आमच्या औषधांची नावं वाचणार. म्हणून आपली बदली बाथरूमला केली. तिथे गोळ्या, सेफ्टी पिना, पट्ट्या, इसबगोल असं खातं दिलं. महिनाभर रोज सकाळी गरम पाण्याची वाफ पाच वेळा खाऊन पिना तांबूस झाल्या आणि इसबगोल पोटात जायच्या आधी डब्यातच फुगला. चूक आपली नाही. औषधं बाथरूममध्ये ठेवू नयेत हे आम्हाला ठाऊक होतं, पण खुंटी दिसली की आमचं डोकं चालायचं थांबतं.

शेवटी बेडरूम. दार आणि चौकट यांच्यात फट असते दोन-तीन मिलिमीटरची, त्यात आपले आकडे बसले आणि दार लागेना. सुतारानं वरून रंधा मारला. त्याची मजुरी आपल्या किमतीहून जास्त झाली, हे आपल्या कानावर असावं म्हणून लिहिते. शिवाय दार उघडलं की क्षणभर मागून आपण येता आणि दारावर थाप मारता. रात्री दोनला कोणी पाणी प्यायला उठलं की घरात पाहुणा आल्यासारखं वाटायचं. त्यावर खालच्या ओळीत पक्कड, टॉर्च, स्क्रू ड्रायव्हर असं वजन भरलं तेव्हा कुठे आपल्या पायात स्थैर्य आलं.

आपलं घराणं कोणतं याची चौकशी मी केली नव्हती. ती सासूबाईंनी केली. त्यांचं माहेर राजापूरकडचं. कमरेवर हात ठेवून त्यांनी आपल्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "हे शिंकंच की गं. पण ह्याला बोका कोणता?"

त्या वाक्यानं माझी झोप उडवली आहे.

आईंच्या माहेरी स्वयंपाकघरातल्या वाशाला सुंभाचं शिंकं असायचं, त्यात दुधादह्याचं मडकं. मुंगी भिंतीवरून येते, उंदीर जमिनीवरून येतो, मांजर उडी मारून येतं. मधोमध अधांतरी टांगलेल्या वस्तूला ह्या तिघांचाही रस्ता नाही. पडवीत तवशी आणि भोपळे केळीच्या सोपानं बांधून वाशांना लटकवलेले, कारण चार महिने जमीन ओली आणि वस्तूला चहूबाजूंनी वारा हवा. अलिबागचा पांढरा कांदा माळा गुंफून टांगतात तो त्याचसाठी. पोत्यात खालचा एक नासला की वरच्यांना कळेपर्यंत उशीर झालेला असतो, माळेत प्रत्येक कांदा स्वतःपुरता वाळतो. (आपल्या प्लास्टिकच्या खिशात मी कांदे ठेवून पाहिले. आठवड्यात कोंब आले. तेव्हापासून कांदे जाळीच्या पिशवीत, बटाट्यांपासून लांब.)

माझं माहेर नायगावच्या बीडीडी चाळीतलं, खोली १६० चौरस फुटांची. तिथेही सगळं टांगलेलंच. छताखाली भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दांडी, तिच्यावर काठीनं चढवलेले कपडे. खुंटीवर वडिलांची पिशवी, छत्री, पिशवीच्या आत दुसरी पिशवी. मधल्या कडीला आईच्या जुन्या लुगड्याची झोळी. म्हणजे आमच्या खोलीत मूलसुद्धा टांगूनच ठेवायचे. खाली माणसं जेवत आणि तिथेच झोपत, तेव्हा जमिनीवर काही ठेवायची सोयच नव्हती.

तर आईंचा मुद्दा असा की जुन्या काळी वस्तू टांगायची ती हाताला लागू नये म्हणून. आपली जाहिरात नेमकी उलटी: सगळं हाताशी! सगळं समोर! घराणं एकच आणि धंदा बरोबर विरुद्ध. आपल्याला तोडायला बोका लागत नाही. आमच्याकडे पाचही जण दिवसभर येता-जाता आपल्या खिशात हात घालतात, आणि काढतात त्यापेक्षा ठेवतात जास्त.

मागच्या रविवारी मी आपली झडती घेतली. मुदत संपलेल्या गोळ्यांच्या सात पट्ट्या. ज्याचा फोन केव्हाच निवर्तला असा चार्जर. विकलेल्या टीव्हीचा रिमोट, सेलसकट. सिमकार्ड काढायच्या पाच सुया. आणि परवा सिम बदलायचं होतं तेव्हा आम्ही माझ्या कानातल्याची तार वापरली होती. नव्या शर्टाबरोबर चिमुकल्या पिशवीत येतात ती जादा बटणं, अशा अकरा पिशव्या. त्यांचे शर्ट बोहारणीकडे जाऊन त्यांचं पातेलंही झालं, बटणं मात्र वारसाहक्कानं आपल्याकडे. आपले खिसे पारदर्शक आहेत. सगळं दिसत होतं. रोज दिसत होतं म्हणून कोणी पाहत नव्हतं.

आपल्या जातीची हुशार मंडळी मी पाहिलेली नाहीत असं समजू नका. सकाळच्या लोकलला लेडीज डब्यात कानातलीवाली चढते. उभं राहायला जागा नाही, आणि ती अख्खं दुकान वरच्या दांडीला अडकवून मोकळी होते. टिकल्या वेगळ्या, क्लिपा वेगळ्या, जोडीला जोड, चाळीस बायकांना एका नजरेत दिसेल असं. स्टेशन आलं की आकडा काढून उतरते. आमच्या कोपऱ्यावरचा वाणी शाम्पूच्या पुड्यांची माळ टांगतो, मागाल तशी खालची तोडून देतो. दोघांच्याही टांगलेल्या वस्तू कमी होत जातात. हा गुण आपल्यात नाही. असलाच तर आमच्यात नाही, पण पत्र आपल्याला लिहिलं आहे, तेव्हा दोष आपल्याच नावावर.

झडतीनंतर मी आपल्यावर कात्री चालवली. राग मानू नये. खालच्या दोन ओळी, म्हणजे आठ खिसे, कापून कडेला टीप मारली आणि ओट्याखालच्या कपाटाच्या दाराला आतून लावल्या. पक्कड-टॉर्च चौथ्या ओळीत सरकली, आपला तोल गेलेला नाही. अर्धवट उघडलेल्या मसाल्याच्या पुड्या रबर लावून त्या आठ खिशांत उभ्या केल्या तेव्हा कळलं की घरात हळदीच्या तीन पुड्या एकाच वेळी उघड्या होत्या. ह्या एका गोष्टीसाठी आपले आभार मानायला हवेत, आणि मी ते सुतारासमोरही मानीन.

आपले पाचमजली बंधू, कपाटातल्या दांडीला लोंबतात ते, त्यांना मुलीच्या गणवेशाच्या कामावर ठेवलं आहे. मजल्याला एक वार: घडी, मोजे, रुमाल. शाळा सहा दिवसांची असल्यामुळे शनिवार बेघर आहे, आणि नेमका पांढऱ्या गणवेशाचा दिवस शनिवार. तो खुर्चीच्या पाठीवर राहतो. बाल्कनीतला प्रयोग मात्र फसला. आपल्यासारख्याच एका जुन्या गड्याला तापवलेल्या दाभणानं भोकं पाडून खिशांत माती भरली, कोथिंबीर पेरली. चार बोटं उगवली. पण भोकांतून गळणारं पाणी खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या चादरीवर गेलं, आणि काकूंनी चादर घेऊन वर येऊन ती आम्हाला उलगडून दाखवली. कोथिंबिरीची आता दहा रुपयांची जुडी आणते.

एक बातमी कळवायची राहिली. मागच्या महिन्यात आईंना घेऊन एका प्रदर्शनाला गेले होते. तिथे सुती दोरीचं, खाली गोंडा सोडलेलं, कुंडी टांगायचं काहीतरी साडेसहाशे रुपयांना होतं. आईंनी ते हातात घेतलं, गाठी मोजल्या, आणि विकणाऱ्या मुलीला विचारलं, "मडकं वेगळं घ्यायचं का?" पोरीला काही कळेना. घरी येऊन आईंनी जुन्या नाडीचं एक विणून दिलं. त्यात सध्या टोमॅटो आहेत. बोका अजून आलेला नाही.

तर विनंती एवढीच, की आमचे दोष आपण पोटात घालावेत, मात्र दोषांखेरीज दुसरं काही घालू नये. बटणं मी काढली आहेत. रिमोट ह्यांनी परत ठेवला, "असू दे, लागेल." त्याबद्दल मी बोलत नाही.

कळावे, लोभ आहेच.

आपली,
घरातली, जिला सगळं कुठे आहे हे विचारलं जातं ती

ता. क. पहिल्या ओळीत उजवीकडच्या खिशात, पट्टीच्या गुंडाळीमागे, एक चपटी डबी सापडली. आत आंब्याच्या वड्या. आईंना साखर बंद करून दोन वर्षं झाली. डबी मी होती तशी ठेवली आहे. दोन वड्या कमी दिसल्या तर आपण काही बोलायचं नाही.