प्लेसमेंटवाले काका

'आमचे येथे सर्व क्षेत्रांतील माणसे मिळतील' अशी पाटी चिंचवड स्टेशनजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानावर लागलेली आहे. पूर्वी याच जागेत वधूवर सूचक केंद्र होतं. काका तेच, खुर्ची तीच, बायोडेटाच्या फायलीही त्याच. फक्त 'मंगळ आहे का' या रकान्यात आता सीटीसी लिहितात. धंदा का बदलला, असं विचारलं की काका म्हणतात, "तिकडे एकदा जमलं की गिऱ्हाईक संपलं. इकडे दर दोन वर्षांनी काडीमोड!"

तरुणपणी काकांनी स्वतः सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवलं होतं. कार्डाचं नूतनीकरण वेळच्या वेळी होत राहिलं, कॉल काही आला नाही. तेव्हापासून कोणी रिकामं बसलेलं त्यांना बघवत नाही. आणि एकाच नोकरीत सुखाने बसलेलं तर मुळीच बघवत नाही.

या धंद्यात कंपनीकडून मिळणारी फी बहुधा वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे सरळ हिशेबाने एक महिन्याचा पगार. त्यामुळे काकांना समोर माणूस दिसतच नाही, त्याचा बारावा हिस्सा दिसतो. आमच्या सोसायटीतले एक चीफ अकाउंटंट गेले. काकांनी हार घातला, दोन मिनिटं डोळे मिटले आणि मुलाला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "बाबांची जागा कंपनीने भरली का रे?"

उमेदवार कुठल्याही धंद्यातला असो, काका त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलतात. नर्सला जीएनएम की बीएस्सी, मास्तरांना टीईटी झाली का, अकाउंटंटला टॅली आणि जीएसटी रिटर्न. गार्डसाठी तर चौकटीवर १६० सेंटिमीटरची पेन्सिलीची रेघच मारून ठेवली आहे. एकदा चाकणच्या एका कारखान्याला पाइप वेल्डर हवा होता. काकांनी एका पोराला विचारलं, "सिक्स-जी जमतं का?" पाइप ४५ अंशांत तिरका पक्का बांधायचा आणि तो न फिरवता सगळ्या बाजूंनी वेल्डिंग करायचं, अशी ती परीक्षा. पोरगं प्रामाणिक. म्हणालं, "नाही काका, माझा फाइव्ह-जीच आहे. तो पण गावाकडे चालत नाही." काकांनी शांतपणे 'फाइव्ह-जी' लिहून घेतलं. कारण तीही वेल्डिंगची एक परीक्षाच आहे.

काकांना रडवतो तो आयटीवाला. त्याचा नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा. तेवढ्यात तो ही ऑफर दाखवून दुसरी मिळवतो, दुसरी दाखवून तिसरी, आणि जॉइनिंगच्या सोमवारी फोन स्विच ऑफ. "मांडवातून नवरा पळाला तर निदान त्याच्या बापाला तरी धरता यायचं," काका हळहळतात.

जो जॉइन होतो त्याचे मात्र लाड विचारू नका. नव्वद दिवसांच्या आत तो सोडून गेला तर बदली माणूस फुकट द्यायचा, असा कंपनीशी करार असतो. म्हणून काकांचा रोज फोन. "जेवलास का? साहेब ओरडले तर मनावर घेऊ नकोस. बस चुकली तर रिक्षा कर, पण जा!" एवढी विचारपूस सख्खी आई करत नाही. एक्क्याण्णवाव्या दिवशी फोन बंद. पोरं बिचारी खंतावतात, आपलं काही चुकलं का म्हणून.

काकांच्या बाजूने एक सांगायला हवं. फी ते कंपनीकडून घेतात, उमेदवाराकडून एक रुपया नाही. दुबईला पाठवा म्हणणाऱ्याला तर चहा पाजून परत पाठवतात, कारण त्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाकडे एजंट म्हणून नोंदणी लागते आणि ती काकांकडे नाही. तेव्हा मंडळी, 'आधी रजिस्ट्रेशनचे पाच हजार टाका, मग ऑफर लेटर' असा कोणाचा फोन आला, तर तो काका नव्हे. पैसे मुळीच टाकू नका.