ओट्यावरचं गंगाफळ

२०२४ साली नरकचतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी आले, ३१ ऑक्टोबरला. भाऊबीजेसाठी बहीण पुण्याहून पाचोऱ्याला आली होती आणि सोबत तिची ११ वर्षांची लेक. सकाळी अभ्यंगस्नान झालं, मी अंगठ्याने कारीट फोडून नरकासुर मारला आणि फराळाकडे वळलो, तोच भाची म्हणाली, "मामा, आज घर भीतीदायक करायचं. पण विकत काही आणायचं नाही."

शेवटचं वाक्य ऐकून मी हो म्हटलं. फुकटात भीती मिळत असेल तर ती का सोडा?

पहिली मागणी कोळ्याच्या जाळ्यांची. ती चारच दिवसांपूर्वी मी शिडीवर चढून, कमरेत उसण भरवून काढली होती. आता शेतातून आलेला कापूस पिंजून खिडकीला लावायचा, असं ठरलं. आई म्हणाली, "भाव नाही म्हणून आता जाळी विणता का रे?" मूठभर कापूस मिळाला, तोही वाती वळायला परत देण्याच्या बोलीवर. पावसाळ्यात मोडलेल्या छत्रीच्या कापडाची वटवाघळं झाली. वडिलांचं जुनं धोतर दोरीवर टांगून भूत केलं, शेजारच्या काकू जाता जाता सांगून गेल्या, "वाळलंय ते, काढून घ्या."

राहिला मुख्य नग, म्हणजे भोपळा. आयर्लंडात पूर्वी सलगम कोरत. तिथली माणसं अमेरिकेला गेली, तिथे भोपळा आयता सापडला आणि तोच रूढ झाला. सलगम कोरणाऱ्यांच्या चिकाटीला माझा नमस्कार, कारण मला गंगाफळच आवरेना. विळ्याने टोपी उडवली, एक सुरी वाकवली आणि दीड तासाने डोळे, नाक, दात असं काहीतरी उमटलं. भाचीच्या मते ते भयानक होतं. बहिणीच्या मते ते माझ्यासारखं होतं. आतला गर आईने केव्हाच उचलला होता. संध्याकाळी त्याचे घारगे झाले. भुताचा मेंदू गुळात बरा लागतो.

अंधार पडल्यावर गंगाफळात पणती ठेवून ते ओट्यावर मांडलं. दिवाळीत उंबऱ्याजवळ ठेवलेली वस्तू कोरी कशी ठेवायची, म्हणून आईने त्याच्या कपाळाला हळदकुंकू लावलं. घोटाळा झाला तो इथे. नुसतं कोरलेलं गंगाफळ कदाचित खपून गेलं असतं. हळदकुंकू लावलेलं, आत दिवा असलेलं, दात विचकणारं फळ म्हणजे आमच्या गल्लीच्या हिशेबात उतारा!

पलीकडचे बाबा काठी टेकत थबकले. "हाई काय शे रे भो?"

"हॅलोविन," मी म्हणालो.

"कोणावर केलं?"

यावर मी काय सांगणार? बाबा रस्ता ओलांडून गेले. मग गल्लीतला प्रत्येक जण आमच्या घरासमोर आला की पलीकडच्या कडेने चालू लागला. एका तरुणाने तर जादूटोण्याविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, याची लांबूनच आठवण करून दिली. भाची मात्र खुशीत होती. "मामा, पुण्यात कुणी एवढं घाबरत नाही!"

सकाळी दूधवाल्याने फाटकाबाहेरूनच हाक मारली. दूध घ्यायला गेलो तर ओट्यावर कोपऱ्यावरच्या घरची बकरी उभी. गंगाफळाचा एक डोळा आणि वरचे सगळे दात तिच्या पोटात गेले होते, तोंडाला कुंकू लागलं होतं.

बकरीची मालकीण धावत आली. तिने कपाळावर हात मारला. "उतारा खाल्ला हो हिनं!"

मी आयर्लंडपासून समजावायला सुरुवात केली. आईने मला बाजूला सारलं, आत जाऊन मुठीत मीठ-मोहऱ्या घेऊन आली आणि बकरीची दृष्ट काढायला लागली. दुसऱ्या फेरीला बकरीने मान वळवली आणि आईच्या मुठीतलं मीठ चाटून टाकलं.