सस्पेन्स खातं

बँकेतून निवृत्त झालेला माणूस बीपीच्या गोळ्या घ्यायला लागला की त्या गोळ्यांचंही रिकरिंग डिपॉझिट होतं. आमच्या सोसायटीतले नाना त्यातलेच. (तुमच्याकडेही असतील, फक्त विंग वेगळी.) हेड कॅशियर होते. संध्याकाळी कॅश जुळल्याशिवाय कधी घरी गेले नाहीत. त्यामुळे चुकलेला हप्ता दुसऱ्या दिवशी भरायचाच, जमल्यास दंडासकट, हे हाडीमाशी मुरलेलं.

फ्रिजवर सात खणांचा डबा असतो. बुधवारी सकाळी मंगळवारच्या खणात गोळी दिसली की नाना 'अगं!' असं ओरडतात. हाच सूर पूर्वी बंडलात खोटी नोट निघाल्यावर लागायचा म्हणे.

डबा सुनेनं आणला. त्याआधीचा काळ जास्त रंगतदार होता, कारण तेव्हा चुकलेल्या गोळीपेक्षा संशयातली गोळी छळायची. घेतली की नाही? नाना आधी पेला उलटा करून बघत, तळाशी ओल आहे का. मग केराच्या डब्यात फॉइलचा तुकडा शोधत. मग हिशेब.

"पंधराची स्ट्रिप. चार तारखेला फोडली. आज बारा. नऊ गेल्या, सहा उरायला हव्यात. सात आहेत! म्हणजे आज घेतली नाही."

"अहो, ती कालची असेल," काकू भाजी निवडता निवडता म्हणत. "काल तुम्ही ठाण्याला होतात. नक्की आठवत नसेल तर घेऊ नका. उद्याची उद्या."

काकूंचं हे म्हणणं योग्य होतं, पण घरातल्या माणसाचं कोण ऐकतं? एका बुधवारी नानांनी मंगळवारची आणि बुधवारची, दोन्ही एकदम जमा केल्या. दुपारी जेवून पाटावरून उठले ते भिंत धरूनच. डोळ्यांपुढे अंधारी.

डॉक्टर शांत होते. म्हणाले, "नाना, तुमच्या अ‍ॅम्लोडिपिनचा अर्धा भाग रक्तातून जायलाच तीस ते पन्नास तास लागतात. एक दिवस चुकल्यानं आकाश कोसळत नाही. आठवेल तेव्हा घ्या. बारा तास उलटून गेले असतील तर ती सोडा आणि पुढची वेळेवर घ्या. दोन एकदम कधीच नाही."

"आणि साखरेची?"

"ती नाश्त्याबरोबरची आहे. रात्री अकराला आठवली म्हणून घेऊन झोपलात, तर साखर झोपेत खाली जाईल. घाम, थरथर, सगळं. ती सोडायची. आणि रक्त पातळ करायची गोळी, फिटची गोळी, इन्शुलिन, असलं पुढेमागे सुरू झालं तर स्वतः हिशेब मांडायचा नाही. मला फोन करायचा."

नानांनी डायरीत उतरवलं, 'कधीच नाही'खाली दोन रेघा मारल्या, आणि पेनचं टोपण लावता लावता विचारलं,

"मग ती सोडलेली गोळी कुठे दाखवायची?"

डॉक्टरांनी बेल वाजवली. पुढचा पेशंट.

पण प्रश्न बँकेच्या दृष्टीनं रास्त होता. ज्या रकमेला हेड सापडत नाही ती सस्पेन्स खात्यात टाकतात. नानांनी लग्नपत्रिकेचं एक जुनं पाकीट घेतलं, वर झोकदार अक्षरात 'सस्पेन्स' लिहिलं. चुकलेली प्रत्येक गोळी फॉइलसकट कात्रीनं कापून, मागे तारीख घालून, आत. एक्स्पायरीची तारीख स्ट्रिपच्या दुसऱ्या टोकाला राहते हे काकूंनी दाखवून दिल्यावर तीही पेनानं आली.

परवा औषधाच्या दुकानात गाठ पडली. दुकानदारानं नेहमीप्रमाणे तीस गोळ्या काढल्या. नानांनी पाकीट काउंटरवर ठेवलं.

"आज तेवीसच द्या. सात जमा आहेत."

"सात? काका, सात वेळा विसरलात?"

नानांनी मान न वळवता डोळ्यांनीच मागे खूण केली. काकू पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या.

"हळू बोल रे. ऑडिट चालू आहे."