दोन कॅमेऱ्यांतले डावे-उजवे

मोठ्या संवेदकाचे दोन छोटे कॅमेरे समोर ठेवून त्यांतला कोणता घ्यावा, हा प्रश्न दुकानात पाच मिनिटांत सुटण्यासारखा दिसत असला, तरी तो पाच मिनिटांत सोडवणाऱ्या खरेदीदाराला तुलनेचे पुण्य लाभत नाही आणि पुढे जन्मभर हळहळण्यासाठी लागणारी सामग्रीही त्याच्या गाठीला राहत नाही. म्हणून या विषयाचा पद्धतशीर विचार होणे अगत्याचे आहे. त्यासाठी अभ्यासक्षेत्र म्हणून अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यातील घोडेगाव निवडण्याचे कारण असे की, नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरच्या या गावात शुक्रवारी जनावरांचा बाजार भरतो, गोण्यांतल्या कांद्याचे लिलाव होतात, आणि एकसारख्या दिसणाऱ्या दोन वस्तूंत फरक काढून त्या फरकाचे पैसे करण्याची विद्या येथे जितकी पिकली आहे तितकी कॅमेऱ्यांच्या कोणत्याही पेढीवर पिकलेली नाही. शिवाय ज्या तालुक्यात १२९० साली गीतेच्या ७०० श्लोकांवर ९००० ओव्यांचे भाष्य झाले, तेथे दोन माहितीपत्रकांवर घटकाभर निरूपण झाले, तर ते परंपरेला सोडून होणार नाही.

तुलनेसाठी घ्यायची जोडी शक्य तितकी जुळती असावी. २०१३ सालच्या पूर्वार्धात अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने जाहीर झालेले निकॉनचा ‘कूलपिक्स ए’ आणि रिकोचा ‘जीआर’ हे या दृष्टीने आदर्श होत, कारण निकॉनचे भिंग १८.५ आणि रिकोचे १८.३ मिलिमीटरचे, दोघांचे एफ/२.८ चे, दोघांचे ठिपके १६.२ मेगापिक्सेल, आणि दोघेही खिशात मावणारे आहेत. बैलजोडी घेताना उंची, रंग आणि शिंगे जितकी जुळती तितकी जोडीची किंमत चढते. कॅमेऱ्यांच्या बाबतीत मात्र दोन्ही वस्तू जितक्या जुळत्या, तितकी खरेदीदाराची झोप उडते, आणि झोप उडाल्याखेरीज तुलनेला शास्त्राची प्रतिष्ठा येत नाही. आज दोन्ही कॅमेरे वापरलेलेच मिळतात, हीसुद्धा सोयीची गोष्ट आहे. ती का, ते पुढे येईल.

प्रथम संवेदकाचा विचार. संवेदक म्हणजे भिंगातून आलेला प्रकाश ज्यावर पडतो आणि ज्याच्यामुळे त्या प्रकाशाचे विजेच्या संकेतांत रूपांतर होते, तो सिलिकॉनचा तुकडा. जुन्या कॅमेऱ्यात जे काम फिल्म करी ते हा करतो. त्याचे आकारमान सांगण्याची धंद्यातील रीत इतकी गूढ आहे की, ‘एक इंची’ म्हणवणाऱ्या संवेदकाचा कर्ण प्रत्यक्षात सुमारे १६ मिलिमीटर भरतो, कारण ते इंच टीव्ही कॅमेऱ्यांतल्या जुन्या काचनळ्यांच्या बाहेरच्या व्यासाचे असून नळ्या गेल्या तरी इंच मागे राहिले. हा घोळ टाळण्यासाठी येथे एकर-गुंठ्यांचे परिमाण सुचवण्यात येत आहे. ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरचा, ज्याला ‘फुल फ्रेम’ म्हणतात तो संवेदक एक एकर धरला, तर ४० गुंठ्यांच्या या हिशेबात एक इंची संवेदकाच्या वाट्याला साडेपाच गुंठ्यांहून थोडे कमी क्षेत्र येते, साध्या खिशातल्या कॅमेऱ्याला जेमतेम सव्वा गुंठा मिळतो, आणि प्रस्तुत दोन्ही कॅमेऱ्यांत असलेल्या ‘एपीएस-सी’ संवेदकाला सुमारे १७ गुंठे मिळतात. सव्वा गुंठ्यातून १७ गुंठ्यांवर गेलेल्या माणसाला जो मोकळेपणा वाटतो, तोच दिवेलागणीला काढलेल्या फोटोत दिसतो: सावलीत रवाळपणा कमी होतो आणि उजेडाची बाजू लवकर पांढरी पडत नाही.

परंतु येथेच खरा पेच उभा राहतो. माहितीपत्रकानुसार निकॉनचा संवेदक २३.६ बाय १५.६ मिलिमीटरचा असून रिकोचा २३.७ बाय १५.७ मिलिमीटरचा आहे, म्हणजेच रिकोने दोन्ही बाजूंनी एक दशांश मिलिमीटर बांध कोरलेला आहे. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, फोटोत दिसत नाही, आणि आकडे जवळच्या दशांशाला बसवण्याच्या दोन कंपन्यांच्या दोन सवयींपलीकडे त्याला बहुधा अर्थही नाही. तथापि वरील परिमाणात तो सुमारे २०० चौरस फूट भरतो, आणि यापेक्षा कमी जमिनीसाठी भावकीत तीन पिढ्यांचे बोलणे बंद झाल्याची उदाहरणे शोधायला घोडेगावाबाहेर जावे लागणार नाही. सबब, चिकित्सक खरेदीदाराने या एक दशांश मिलिमीटरला किमान एक आठवडा द्यावा.

ठिपक्यांचा प्रश्न त्यामानाने लवकर आटोपतो. पिक्सेल म्हणजे संवेदकावरचा प्रकाश गोळा करणारा एकेक कण. तो जितका मोठा तितका अधिक प्रकाश त्याच्या पदरात पडतो. कांद्याच्या लिलावात मोठा, मध्यम, गोल्टा आणि गोल्टी अशी प्रतवारी करून भाव पुकारतात, आणि गोणीत नग किती आहेत असे कोणी विचारत नाही, कारण गोल्टीचे नग नेहमीच जास्त भरतात. कॅमेऱ्यांच्या बाजारात मात्र अनेक वर्षे नग मोजूनच माल विकला गेला, आणि सव्वा गुंठ्यात १६ मेगापिक्सेल कोंबलेल्या गोल्टीला मोठ्या कांद्याचा भाव मिळाला. आपल्या जोडीत दोन्हीकडे माल मोठाच असून दोन्हीकडे नगही सारखेच आहेत, त्यामुळे भांडायला जागा उरत नाही. एवढे मात्र नोंदवावे लागते की, असा फोटो नेहमीप्रमाणे व्हॉट्सअ‍ॅपवर धाडला की त्याच्या १ कोटी ६२ लाख ठिपक्यांपैकी बहुतेक वाटेतच गळतात, आणि पाहुण्यांच्या हाती शेवटी गोल्टीच पडते.

भिंगाबाबत दोन संज्ञा समजून घ्याव्यात. १८.५ आणि १८.३ मिलिमीटर ही या दोन भिंगांची नाभीय अंतरे असून, संवेदक फुल फ्रेमपेक्षा लहान असल्यामुळे त्यांची दृष्टी फिल्मच्या कॅमेऱ्यावरील २८ मिलिमीटरच्या भिंगाइतकी रुंद पडते, आणि एफ/२.८ याचा अर्थ असा की, नाभीय अंतराला २.८ ने भागल्यावर येणारे साडेसहा मिलिमीटर, म्हणजे साधारण हरभऱ्याच्या दाण्याएवढे, हे भिंगाचे तोंड पूर्ण उघडल्यावर प्रकाशाला आत शिरायला मिळते. २८ मिलिमीटरची ही रुंद नजर बाजारातल्या गर्दीला उत्तम, परंतु बैलाला घातक आहे. खिल्लार बैलाच्या पुढ्यात दोन फुटांवर उभे राहून फोटो काढल्यास नाकपुड्या घमेल्याएवढ्या दिसतात, डोळे कानांकडे सरकतात, वशिंड डोक्याआड जाते आणि मागचा भाग शेळीचा असावा असा भास होतो. हा दोष भिंगाचा नसून जवळ उभे राहण्याचा आहे, कारण जवळचे मोठे आणि दूरचे लहान दिसण्याचे प्रमाण केवळ अंतरावर ठरते. मात्र रुंद भिंग घेतलेला माणूस चौकट भरण्यासाठी जवळच जातो. उपाय म्हणून बैलाच्या कुशीकडून, आठ-दहा पावले मागे सरून फोटो काढावा आणि नंतर तो कातरून घ्यावा. असे कातरणेच करायचे होते तर एवढ्या १७ गुंठ्यांचे प्रयोजन काय, असा प्रश्न घरातून विचारला जाण्याचा संभव असून त्याचे उत्तर या शास्त्रात उपलब्ध नाही.

वंशावळीकडे दुर्लक्ष करू नये. रिकोचा जीआर हा १९९६ सालच्या फिल्मवाल्या ‘जीआर वन’चा वंशज असून २००५ साली हे घराणे डिजिटल झाले, आणि २०१३ नंतरही त्याची वीण चालू राहिली, निकॉनच्या कूलपिक्स ए ला वारस झाला नाही, आणि २०१६ साली जाहीर केलेली ‘डीएल’ ही मोठ्या संवेदकाच्या छोट्या कॅमेऱ्यांची मालिकाही कंपनीने २०१७ साली बाजारात येण्याआधीच रद्द केली. बाजारात उतरले तेव्हा निकॉनची किंमत सुमारे ११०० डॉलर आणि रिकोची ८०० डॉलर होती. वजनात निकॉन ५४ ग्रॅमने भारी, म्हणजे गोल्टीतल्या एका कांद्याएवढा. ज्यांना कागदावरच निकाल हवा असेल त्यांनी येथे रिकोच्या बाजूने कौल देऊन थांबावे. ज्यांना तुलना हवी आहे त्यांनी पुढे वाचावे.

वापरलेली वस्तू घेताना कागदाचा उपयोग संपतो आणि बाजाराची विद्या सुरू होते. बैलाचे वय मालकाला विचारत नाहीत. त्याचा खालचा ओठ दाबून दात पाहतात, आणि त्यावरून तो आदत आहे, दुसा आहे, चौसा आहे की जुळला आहे हे ठरते, कारण खालच्या जबड्यात दुधाचे दात पडून कायमचे दात जोडीजोडीने येतात आणि आठ पूर्ण झाले की तोंडावरून वय सांगणे कठीण होते. कॅमेऱ्याचे दात म्हणजे त्याचे शटर किती वेळा उघडमीट झाले तो आकडा. परंतु प्रत्येक कॅमेरा हा ओठ सहज दाबू देत नाही, आणि विकणारा ‘घरगुती वापर, फक्त वाढदिवसाला काढला’ असे सांगतो. अशा वेळी शिंगे पाहावीत. जुन्या बैलाची शिंगे साळून, तेल लावून बाजारात आणतात. तसेच ज्या कॅमेऱ्याचा बाहेरचा रबर अवाजवी नवा दिसतो पण ज्याच्या बटणांवरची अक्षरे अंगठ्याने पुसली गेली आहेत, त्याने संसार पाहिलेला आहे असे खुशाल समजावे.

खरी खोड मात्र आत असते, आणि ती म्हणजे धूळ. या जातीच्या कॅमेऱ्यांचे भिंग चालू करताच पुढे येते व बंद करताच आत जाते, आणि त्या ये-जा मध्ये भात्याप्रमाणे थोडी हवा आत ओढली जाते. भिंग काढता येत नसल्यामुळे आत शिरलेला कण संवेदकावर बसला की तो फुंकून काढण्याची सोय राहत नाही, कारागिराकडे कॅमेरा उघडूनच घ्यावा लागतो. लिलावाच्या दिवशी गोण्या ओतल्यावर कांद्याची जी पापुद्र्यासारखी टरफले उडतात ती मोठी असल्याने निरुपद्रवी आहेत. घात करते ती त्यांच्यामागून उठणारी, उन्हाच्या तिरिपीशिवाय न दिसणारी बारीक माती. परीक्षा अशी करावी: भिंगाचे तोंड एफ/१६ पर्यंत बारीक करावे, निरभ्र आकाशाचा एक फोटो काढावा, आणि तो पडद्यावर मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चाळावा. तोंड बारीक असताना प्रकाश अरुंद वाटेने येतो, त्यामुळे कणाची सावली ठळक पडते आणि निळ्या आकाशात करडे, मऊ कडांचे ठिपके दिसू लागतात. तेच तोंड पूर्ण उघडले की सावली विरून जाते, म्हणून विकणारा नमुन्याचे फोटो नेहमी पूर्ण उघड्या तोंडाचे दाखवतो. एक दशांश मिलिमीटरला आठवडा देणाऱ्या खरेदीदाराने या परीक्षेला दोन मिनिटे दिली, तर उरलेली तुलना बहुतेक निकालात निघते, आणि म्हणूनच ही परीक्षा सहसा कोणी करत नाही.

शेवटी जुंपून पाहावे. शेजारच्या शिंगणापूरची घरे जशी दाराविना प्रसिद्ध आहेत, तसे हे दोन्ही कॅमेरे डोळा लावण्याच्या खिडकीविना आहेत. जे काही पाहायचे ते मागच्या पडद्यावर, आणि वैशाखातल्या दुपारी बाजारतळावर त्या पडद्यात खरेदीदाराला स्वतःच्या टोपीखेरीज फारसे काही दिसत नाही. त्यासाठी उपरणे किंवा मोठा रुमाल कॅमेऱ्यावर आणि दोन्ही हातांवर ओढून घ्यावा आणि त्याच्या सावलीत पडदा पाहावा. ही रीत तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असली, तरी जनावरांच्या बाजारात रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव सांगण्याची जी जुनी चाल आहे तिच्याशी तिचे साम्य फार आहे. त्यामुळे शुक्रवारी, दावणीजवळ, कॅमेऱ्यावर रुमाल टाकून उभ्या राहिलेल्या माणसाच्या रुमालात समोरून एखादा अनोळखी हात शिरून चार बोटे दाबली गेल्यास गोंधळून ‘हो’ म्हणू नये, आणि ती बोटे शेकड्यांची की हजारांची, तसेच ती शेजारच्या पांढऱ्या बैलाची की दोन कॅमेऱ्यांपैकी डाव्या हातातल्याची, हे आधी विचारून घ्यावे.