गांडुळांचे पथ्यपाणी

स्वयंपाकघरातील साली, देठे आणि चोथा घरातच जिरवण्यासाठी गांडुळे पाळण्याच्या उद्योगास गांडूळखत प्रकल्प असे भारदस्त नाव असले, तरी बीडमधील दोन खोल्यांच्या घरात हा प्रकल्प न्हाणीघराशेजारी ठेवलेल्या, तळाला भोके पाडलेल्या एका क्रेटमध्ये सुखाने मावतो. जिल्ह्यातील खेड्यांना त्याची गरज कधी भासली नाही, कारण तेथे भाजीची देठे व शिळे तुकडे शेळी बिनबोभाट संपवीत असे आणि उरलेले उकिरड्यावर जाई. शहरात फ्लॅट आले, शेळी गेली, २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला व सुका कचरा वेगळा ठेवण्याचे काम घरोघरी सोपवले आणि मग सुशिक्षित कुटुंबांना गांडूळ आठवले.

या कामी मुख्यतः आयसेनिया फेटिडा ही लालसर जात वापरतात. ती खोल बिळे न करता कुजत्या पालापाचोळ्याच्या वरच्या थरातच रमते, म्हणून तिला डब्यातील मुक्काम जाचत नाही. तळाशी उसाचे पाचट अंथरावे लागते, आणि अर्ध्या महाराष्ट्राचा ऊस तोडून येणाऱ्या या जिल्ह्यात पाचट म्हणजे काय हे सांगण्याचे धाडस कोणत्याही अभ्यासकाने करू नये. त्यावर पंधरवडाभर मुरलेले शेण घालतात; ताजे शेण कुजताना तापते आणि नव्या रहिवाशांना गृहप्रवेशाच्या दिवशीच उकडून काढते.

खरी परीक्षा आहाराची. गांडुळाला दात नसतात, पेषणी नावाच्या स्नायुमय पिशवीत वाळूच्या कणांनी ते अन्न भरडते. शिवाय ते ओल्या त्वचेतून श्वास घेते, आणि मीठ त्या त्वचेतील पाणी ओढून घेते. परिणामी ठेचा, लोणचे, तर्रीचे उष्टे, तेलकट पोळी हे सारे वर्ज्य ठरून, बायपास झालेल्या आजोबांचे पथ्य तेवढे या डब्यासाठी उरते, फरक इतकाच की आजोबा चोरून खातात. कांद्याविषयी मतभेद आहेत. मार्गदर्शक पुस्तिका तो टाळावयास सांगतात, तर चार्ल्स डार्विनने १८८१ मध्ये गांडुळांवर लिहिलेल्या ग्रंथात त्याची गांडुळे पुरलेले कांद्याचे तुकडे हुडकून आवडीने खात असल्याचे नोंदले आहे. इंग्लंडचा कांदा कदाचित सौम्य असावा.

याच डार्विनने गांडुळांसमोर शिट्ट्या वाजवल्या, मुलाकडून बसून नावाचे सुषिर वाद्य मोठ्याने वाजवून घेतले, पियानोही ऐकवला, तरी ती ढिम्म राहिली. मात्र कुंडी पियानोवर ठेवून पट्टी दाबताच ती बिळात पळाली. म्हणजे गांडूळ बहिरे असते, पण कंपने त्याला भोवतात. वरातीच्या डीजेने खिडक्यांच्या काचा थरथरतात त्या गल्लीत क्रेट कोठे ठेवावा, हा प्रश्न डार्विनपुढे उभा राहिला नव्हता.

उन्हाळा तर कसोटीचाच, कारण गांडुळाला पंचवीस अंशांच्या आसपास बरे वाटते, पस्तिशीपुढे ते मरू लागते आणि बीडचा मे महिना चाळिशी ओलांडतो. मग क्रेट माठाशेजारच्या गारव्यात सरकतो, त्यावर भिजवलेले गोणपाट चढते, आणि टँकरच्या पाण्यावर दिवस काढणारी मंडळी स्वतःची आंघोळ अर्ध्या बादलीत उरकून डब्यावर हळुवार शिंपण करतात. ओल पुरेशी आहे की नाही हे पाहण्यासाठी मूठभर खत दाबतात: बोटांतून एखाददुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर आत हवा उरत नाही. मुंग्या चढू नयेत म्हणून क्रेटखालच्या स्टुलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे करतात. त्या वाट्या घरातील चांगल्यातल्याच निघाल्याचे पाहुणे आल्यावर ध्यानात येते.

दोन-तीन महिन्यांनी चहापत्तीसारखे काळसर, मातीचा वास असलेले खत तयार होते. त्याचा शंकूसारखा ढीग उजेडात करून ठेवला की प्रकाश टाळणारी गांडुळे तळाशी जातात आणि वरचे खत अलगद काढता येते. ते तुळस आणि कढीपत्ता यांच्यातच संपते, गांडुळे मात्र वाढत राहतात, म्हणून हौशी शेजाऱ्यांना ती श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यातून दिली जातात. दिलेला डबा रिकामा परत करू नये हा रिवाज शेजारीही पाळतात, आणि आठवड्याभरात तो डबा दोडक्याच्या सालींनी काठोकाठ भरून दारात येतो.